डोक्याला मार लागल्यावर

"शिर सलामत तर पगडी पचास" ही म्हण महाराष्ट्रांत घरोघरीं ऐकूं येते. डोकें शाबूत राहिलें तर पगड्या काय, वाटेल तितक्या मिळतील, असा तिचा भावार्थ आहे. म्हण खोटी नाहीं. परंतु ती ज्या काळांत जन्मली त्या काळीं माणूस पायीं चालत असे, किंवा फार झालें तर बैलगाडींत अथवा घोड्यावर बसत असे. माणूस ताशीं ५०-६० किलोमीटरांच्या वेगानें रस्त्यावरून धांवूं लागला आणि या म्हणीचा अर्थ फिरला. आतां पुष्कळदां पगडी असेल तरच शिर सलामत राहतें. हा पालट कसा झाला, डोक्याला मार लागतो म्हणजे आंत नेमकें काय होतें, आणि त्यांतून वांचलेल्या माणसाचें पुढें काय होतें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

ही हकीकत १९३५ सालच्या इंग्लंडांत सुरू होते. मे महिन्याची १३ तारीख. डॉर्सेट परगण्यांतील एका आडरस्त्यानें टी. ई. लॉरेन्स नांवाचे गृहस्थ मोटारसायकलीवरून घरीं परतत होते. पहिल्या महायुद्धांत तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांच्या बाजूनें लढून ज्यांनीं जगभर नांव मिळविलें, तेच हे लॉरेन्स. वेगाची त्यांना मोठी आवड. रस्त्याला मध्यें खोलगट उतार होता. त्यामुळें पुढें सायकलींवरून चाललेलीं दोन मुलें त्यांना आयत्या वेळीं दिसलीं. त्यांना चुकविण्यासाठीं लॉरेन्स यांनीं गाडी एकदम वळविली, तोल गेला आणि ते हँडलावरून पुढें फेंकले जाऊन डोक्यावर आपटले. डोक्यावर कसलेंच आच्छादन नव्हतें. सहा दिवस ते बेशुद्ध होते. १९ मे रोजीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. युद्धांत ज्याला मरण गांठूं शकलें नाहीं, त्याला तें घराजवळच्या साध्या रस्त्यावर गांठून गेलें.

लॉरेन्स यांना पाहण्यासाठीं जे तज्ज्ञ बोलावण्यांत आले त्यांत ह्यू केर्न्स हे एक होते. केर्न्स जन्मानें ऑस्ट्रेलियन. अमेरिकेंत हार्वे कुशिंग या विख्यात शस्त्रवैद्याजवळ राहून त्यांनीं मेंदूवरील शस्त्रक्रियेचें शिक्षण घेतलें होतें. अशा निष्णात माणसाला बोलावूनहि उपयोग झाला नाहीं. कारण मेंदूची व्हावयाची ती नासधूस रस्त्यावर आपटल्या क्षणींच होऊन गेली होती. शस्त्रवैद्याचा हात कितीहि कुशल असो, तो अशा रोग्यापर्यंत उशिरांच पोंचतो. मग त्या क्षणाच्या आधींच कांहीं करतां येईल काय, हा प्रश्न उरतो. केर्न्स यांनीं पुढें अनेक वर्षें या प्रश्नाचा पाठपुरावा केला.

१९३७ सालीं ते ऑक्सफर्ड येथें शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. दोन वर्षांनीं दुसरें महायुद्ध सुरू झालें. विमानांच्या भयानें रात्रीं दिवे मालवलेले, रस्ते अंधारे, आणि त्या अंधारांतून लष्करी निरोप घेऊन मोटारसायकलस्वार धांवत असत. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमधील रस्त्यांवर मोटारसायकल चालविणारे व मागें बसलेले मिळून २,२७९ लोक अपघातांत मेले, आणि त्या मृत्यूंचें सर्वांत मोठें कारण डोक्याची दुखापत हेंच होतें. हे आंकडे केर्न्स यांनीं १९४१ च्या ऑक्टोबरांत एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. त्यांतच त्यांनीं आणखी एक गोष्ट नोंदविली. शिरस्त्राण घातलेले असे केवळ सातच जखमी स्वार त्यांच्या पाहण्यांत आले होते, आणि ते सातहि जण जगले होते.

सात हा आंकडा लहान आहे. तेवढ्यावरूनच सिद्धांत ठरविणें घाईचें झालें असतें. परंतु लष्करानें तो इशारा ओळखला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, कामावर असलेल्या प्रत्येक लष्करी मोटारसायकलस्वारानें शिरस्त्राण घातलेंच पाहिजे असा हुकूम निघाला. १९४६ सालीं केर्न्स यांनीं युद्धकाळांतील मृत्यूंचे महिनेवार आंकडे पुन्हां मांडले. हुकुमानंतरचे पहिले कांहीं महिने सोडले तर ते उतरत गेलेले दिसत होते. एवढें होऊनहि ब्रिटनमधील सर्वसामान्य दुचाकीस्वारांना शिरस्त्राण सक्तीचें करण्यास १९७३ साल उजाडावें लागलें. केर्न्स १९५२ सालींच वारले होते. सत्य सिद्ध होणें आणि तें लोकांच्या डोक्यावर बसणें यांत किती अंतर असतें, तें यावरून दिसून येतें.

आतां डोक्याच्या आंत काय घडतें तें पाहूं. प्रौढ माणसाचा मेंदू वजनानें सुमारें १,३०० ते १,४०० ग्रॅम असतो. तो अत्यंत मऊ असून पातळ द्रवांत तरंगत असतो. त्याभोंवतीं आवरणें आहेत आणि त्यांच्या बाहेर कवटीचें कठीण हाड. दह्यानें भरलेलें मडकें हातांत घेऊन धांवणारा माणूस एकाएकीं थांबला तर मडकें थांबतें, पण आंतील दही थांबत नाहीं; तें कडेवर आदळून विसकटतें. मडक्याला तडाहि गेलेला नसतो. डोक्याची गोष्ट अशीच आहे. कवटी जमिनीवर थांबते, मेंदू मात्र क्षणभर पुढें जात राहतो आणि हाडावर आदळतो. कवटीच्या तळाशीं पुढील भागांत हाड खडबडीत आहे. म्हणून कपाळामागचा व कानशिलामागचा मेंदू विशेष ठेंचला जातो. कधीं कधीं मार एका बाजूला लागतो आणि मेंदू दुसऱ्या बाजूला चिरडतो.

याहूनहि घातक एक प्रकार आहे. ऑक्सफर्ड येथेंच होलबर्न नांवाच्या भौतिकशास्त्रज्ञानें जिलेटिनचे मेंदूच्या आकाराचे नमुने करून त्यांना झटके दिले आणि १९४३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोकें सरळ रेषेंत हलण्यापेक्षां गर्रकन् वळलें म्हणजे आंतील मऊ पदार्थाला पीळ बसतो व त्याची अधिक हानि होते, असें त्यांनीं दाखविलें. मेंदूंतील पेशींचे लांबलचक सूक्ष्म तंतु अशा पिळानें ताणले जातात, तुटतात. म्हणूनच वरून खरचटलेंहि नाहीं असा माणूस दिवसेंदिवस बेशुद्ध पडून राहतो, आणि नातेवाईक मात्र "रक्ताचा थेंब नाहीं, मग झालें तरी काय?" असें विचारीत बसतात. रक्त किती गेलें यावरून डोक्याच्या माराची परीक्षा करणें हा मोठा भ्रम आहे. टाळूची कातडी थोडी फाटली तरी रक्ताची धार लागते आणि माणूस चार दिवसांत बरा होतो. उलट खरी दुखापत पुष्कळदां डोळ्यांना दिसतच नाहीं.

शिरस्त्राणाचें कार्यहि येथें उलगडतें. त्याचें बाहेरचें कवच माराचा जोर एका बिंदूवर राहूं न देतां सर्वत्र पसरवितें. आंतील जाड मऊ थर स्वतः चेपला जातो, आणि त्या चेपण्यांत डोकें थांबण्यास क्षणाचा लहानसा भाग अधिक मिळतो. कोंकणांतून आंबे पाठवितांना पेटींत पेंढा घालतात तो याच न्यायानें. पेंढा आदळतो म्हणून आंबा वांचतो. मात्र तो थर एकदां जोरानें चेपला कीं त्याचें काम संपतें. मोठा मार बसलेलें शिरस्त्राण वरून चांगलें दिसलें तरी टाकून द्यावें. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर तें माथ्याआधींच उडून जातें.

प्रौढांच्या डोक्याला मार लागण्याचीं कारणें मोजकीं आहेत. रस्त्यावरील अपघात, पडणें, मारहाण, आणि खेळांतील वा कामावरील दुर्घटना. तरुण माणसें बहुधा रस्त्यावर सांपडतात, वृद्ध बहुधा घरांत. परंतु या चार शब्दांमागें नित्याचीं दृश्यें आहेत. परांचीवरून घसरलेला गवंडी, माडावरून पडलेला पाडेली, बिनकठड्याच्या गच्चीवर झोंपेंत कडेला गेलेला गृहस्थ, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय सरकलेल्या आजीबाई. दुचाकीवर मागें एका अंगानें बसलेल्या बाईला धरण्यास आधार नसतो. खड्ड्याचा किंवा गतिरोधकाचा धक्का बसला कीं ती मागच्या मागें पडते आणि डोक्याची मागील बाजू आपटते. पदर अथवा ओढणी चाकांत गुंतूनहि असाच घात होतो. यांतील एकहि गोष्ट दैवाची म्हणतां येणार नाहीं.

डोक्याच्या दुखापतीचे दोन भाग असतात, आणि त्यांतील भेद ध्यानांत धरणें हें या विषयाचें सार आहे. पहिला भाग आपटण्याच्या क्षणीं घडतो. तुटलेले तंतु व मेलेल्या पेशी पुन्हां सांधण्याचें औषध अद्यापि कोणाला सांपडलेलें नाहीं. त्यावर एकच उपाय, तो म्हणजे मार लागूं न देणें किंवा हलका करणें. दुसरा भाग पुढील तासांत व दिवसांत घडतो. रक्तवाहिनी फुटून गांठ वाढत जाते, मेंदूला सूज येते, घशांत रक्त वा ओकारी अडकून श्वास कोंडतो, रक्तदाब उतरून मेंदूला प्राणवायु कमी पडतो. कवटी ही बंद पेटी आहे. आंत कांहीं वाढलें तर पेटी मोठी होत नाहीं, मेंदू दबतो. हा दुसरा भाग मात्र थांबवितां येतो, पण वेळेवर. पहिला भाग पगडीच्या स्वाधीन आहे. दुसरा भाग भोंवतालच्या माणसांच्या शहाणपणाच्या.

या शहाणपणाची परीक्षा पाहणारा एक फसवा प्रकार आहे. कानशिलाचें हाड पातळ असतें व त्याच्या आंतल्या बाजूस एक धमनी जाते. हाड तडकून ती फुटली म्हणजे कवटी व मेंदूचें आवरण यांच्यामध्यें रक्त सांचूं लागतें. माणूस क्षणभर भोंवळतो, मग उठून बसतो, बोलतो, पाणी मागतो, "कांहीं झालें नाहीं" असें स्वतःच सांगतो. बघे पांगतात. इकडे रक्त सांचतच असतें. कांहीं वेळानें डोकें ठणकूं लागतें, ओकारी होते, झोंप आवरत नाहीं, आणि त्या झोंपेंतून तो उठत नाहीं. १६ मार्च २००९ रोजीं कॅनडांत बर्फावरून घसरण्याचा खेळ शिकतांना नताशा रिचर्डसन ही ४५ वर्षांची इंग्रज अभिनेत्री पडली. तिला बरें वाटत होतें. तिनें वैद्यकीय मदत नाकारली आणि आलेली रुग्णवाहिका परत गेली. थोड्याच काळानें डोकें दुखूं लागलें, प्रकृति ढासळली, आणि १८ तारखेस ती निवर्तली. कारण हेंच, आवरणावर सांचलेलें रक्त. अशी गांठ वेळींच काढली तर माणूस पुष्कळदां पूर्ववत् होतो. म्हणूनच या मृत्यूंची हळहळ अधिक वाटते.

वृद्धांमध्यें हाच प्रकार अगदीं सावकाश घडतो. वयानुसार मेंदू किंचित् आकसतो, त्यावरील शिरा ताणलेल्या राहतात, आणि दाराची चौकट लागण्याइतक्या क्षुल्लक मारानेंहि एखादी शीर झिरपूं लागते. रक्त पातळ ठेवणारें औषध चालू असेल तर धोका अधिक. दोन-तीन आठवडे कांहींच दिसत नाहीं. मग आजोबा अडखळून चालूं लागतात, नांवें विसरतात, दिवसां पेंगतात, आणि घरचीं माणसें म्हणतात, "आतां वय झालें." तें वय नसून सांचलेलें रक्त असूं शकतें, आणि कवटीला लहानसें छिद्र पाडून तें काढलें असतां तेच आजोबा पुन्हां वर्तमानपत्र वाचूं लागतात. दुसरा असाच गैरसमज दारूविषयीं होतो. रस्त्याकडेला पडलेल्या माणसाच्या तोंडाला वास आला कीं "पिऊन पडला आहे, झोंपूं द्या" म्हणून लोक निघून जातात. प्यालेला माणूसच अधिक पडतो, आणि त्याच्याच डोक्याला मार लागण्याचा संभव अधिक, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

रोगी किती शुद्धींत आहे हें पूर्वीं प्रत्येक वैद्य आपापल्या शब्दांत लिही. १९७४ सालीं ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीझडेल व ब्रायन जेनेट या दोघा शस्त्रवैद्यांनीं एक साधी गुणपद्धति मांडली. डोळे उघडण्याला अधिकांत अधिक ४ गुण, बोलण्याला ५, हातपाय हालविण्याला ६, एकूण १५. अगदीं निश्चल रोग्यालाहि ३ गुण मिळतात. तेरा व त्यावर असतील तर दुखापत सौम्य, नऊ ते बारा मध्यम, आठ किंवा कमी असतील तर गंभीर समजतात. या परीक्षेची खरी किंमत एकदां गुण मोजण्यांत नसून पुन्हां पुन्हां मोजण्यांत आहे. सकाळीं १५ असलेला रोगी दुपारीं १३ वर आला तर धांवपळ केलीच पाहिजे. याच सुमारास दुसरें मोठें साधन हातीं आलें. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनीं तयार केलेल्या यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमध्यें एका रुग्णाच्या मेंदूचें पहिलें चित्र घेतलें गेलें. त्यालाच आज सर्वत्र सीटी स्कॅन म्हणतात. कवटी न उघडतां आंतील रक्ताची गांठ दिसूं लागली. या शोधाबद्दल १९७९ सालीं त्यांना व ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

तरीहि वैद्यकशास्त्रानें गर्व करण्याचें कारण नाहीं. मेंदूची सूज उतरेल या समजुतीनें कित्येक वर्षें अशा रोग्यांना स्टेरॉइड औषधें देण्यांत येत. अखेर अनेक देशांतील १०,००८ रोग्यांवर नीट तुलना करून पाहिली तेव्हां, औषध मिळालेल्यांपैकीं दोन आठवड्यांत शेंकडा २१ दगावले, न मिळालेल्यांपैकीं शेंकडा १८, असें २००४ सालीं उघड झालें. सद्हेतूनें दिलेलें औषध मारक ठरत होतें. त्यानंतर ती प्रथा सोडण्यांत आली.

वांचलेल्यांचें पुढें काय होतें? फिनियस गेज या अमेरिकन मुकादमाची कथा या बाबतींत प्रसिद्ध आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं व्हरमाँट संस्थानांत लोहमार्गासाठीं सुरुंग ठासतांना स्फोट झाला, आणि सुमारें ३ फूट ७ इंच लांबीची, १३ पौंडांहून अधिक वजनाची पहार त्याच्या गालाखालून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो २५ वर्षांचा होता. तो जगला, चालूं-बोलूं लागला. परंतु त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हार्लो यांनीं लिहून ठेविलें आहे कीं पूर्वीचा विचारी व कामांत चोख माणूस आतां लहरी, हट्टी व शिवराळ झाला, आणि ओळखीच्या लोकांना तो कोणी निराळाच वाटूं लागला. त्याला जुन्या कामावर परत घेण्यांत आलें नाहीं. पुढें मात्र त्यानें दक्षिण अमेरिकेंत चिली देशांत कांहीं वर्षें घोड्यांची प्रवासी गाडी हांकली. म्हणजे बरीच सुधारणाहि झाली असावी. १८६० सालीं आंकड्या येऊन तो वारला.

गेजची जखम विलक्षण होती, परंतु त्याच्या घरच्यांना जें दिसलें तें आजहि अनेक घरांत दिसतें. हातपाय धड, बोलणें स्पष्ट, जखम भरलेली; पण नवरा आतां क्षुल्लक गोष्टीवर भांडीं फेंकतो, किंवा दिवसभर भिंतीकडे पाहत बसतो. हिशोबांत तरबेज असलेला दुकानदार गिऱ्हाइकाला मोड चुकीची देतो. बाईला वास येईनासा होतो आणि दूध करपलें किंवा गॅस गळत असला तरी कळत नाहीं. कारण वासाचे नाजूक तंतु पडण्याच्या झटक्यानें तुटलेले असतात. कित्येकांना मागाहून आंकड्या येऊं लागतात. गंभीर दुखापतींतून उठलेल्यांत अर्धांग, वाचेचा अडथळा, विस्मृति हीं मागें राहतात. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगानें होते, पुढें मंद गतीनें, पण ती वर्षांनुवर्षें चालूं शकते. म्हणून आशा लौकर सोडूं नये. सौम्य दुखापतीचे बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत बरे होतात. त्यांना डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा व गोंगाटाचा त्रास होतो, तो ढोंग समजूं नये. आणि ते पुरते बरे होण्याआधीं डोक्याला दुसरा मार लागणार नाहीं याची काळजी घ्यावी.

अशा माणसाला "मुद्दाम करतो", "अंगांत आळस भरला आहे", "बाहेरची बाधा झाली आहे" असें म्हणणाऱ्यांची उणीव नसते. पाय मोडलेल्याला कोणी धांवावयास सांगत नाहीं. परंतु ज्याचा संयमाचा किंवा उत्साहाचा अवयवच ठेंचला गेला, त्याच्याकडून पूर्वीच्याच वागणुकीची अपेक्षा केली जाते. त्याला राग येतो तेव्हां वाद घालण्यापेक्षां गोंगाट कमी करावा, कामें एकेक करून द्यावीं, दिनक्रम कागदावर लिहून भिंतीस लावावा. त्याची शुश्रूषा करणारी पत्नी वा आई एकटीच खचत जाते. इतर आप्तांनीं तिचा भार वांटून घ्यावा. नुसतें विचारपूस करून चहा पिऊन जाणें हें साहाय्य नव्हे.

अपघाताच्या जागीं हजर असलेल्यांनीं काय करावें तें आतां सांगतां येईल. जखमी माणसाला हिसडून उठवूं नये, मान वांकवूं नये. डोक्याबरोबर मानहि दुखावलेली असूं शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. कांदा किंवा चप्पल हुंगविण्यांत वेळ दवडूं नये. वाहत्या जखमेवर हळद दाबून भरण्याऐवजीं स्वच्छ कापड धरावें. ओकारी होत असेल तर डोकें, मान व धड एका रेषेंत ठेवून सर्व शरीर कुशीवर वळवावें. महाराष्ट्रांत २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीनें पुष्कळजण पाठ फिरवितात. परंतु २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांतच असें कलम घातलें आहे कीं सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाहीं, आणि आपलें नांव सांगण्याची सक्तीहि त्याच्यावर करतां येणार नाहीं. मार लागल्यावर वाढती डोकेदुखी, पुन्हां पुन्हां ओकारी, गुंगी, असंबद्ध बोलणें, आंकडी, एका बाजूचा अशक्तपणा, कानांतून वा नाकांतून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव, यांपैकीं एकहि दिसलें तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. पहिला दिवसभर अशा माणसाजवळ कोणीतरी समंजस असावें.

भारतांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, असें सरकारी अहवाल सांगतो. त्यांत शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ होते; ३५,६९२ चालविणारे आणि १४,३३७ मागें बसलेले. शिरस्त्राणानें दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा संभव शेंकडा ४२ नीं व डोक्याच्या दुखापतीचा शेंकडा ६९ नीं घटतो, असें निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून २००८ सालीं ठरविण्यांत आलें आहे. कायदा मागें बसणाऱ्यालाहि तितकाच लागू आहे. तरीहि गांवोगांवीं दिसतें तें असें कीं शिरस्त्राण असतें एकच. तें चालविणारा पुरुष घालतो, अथवा चौकींतील शिपाई दिसेपर्यंत आरशाला अडकवून ठेवतो, आणि मागें बसलेल्या गृहिणीच्या डोक्यावर गजऱ्याखेरीज कांहीं नसतें. केस विसकटतात, उकडतें, जवळच तर जावयाचें आहे, हीं कारणें सर्वांना पाठ आहेत. लॉरेन्सहि जवळच जात होते.

ज्या घरांत एक दुचाकी आहे त्या घरांत दोन शिरस्त्राणें असावींत, पट्टा बांधल्याशिवाय गाडी सुरू होऊं नये, आणि घरांतील कोणी पडलें तर "उठून बसला, आतां बरा आहे" या शब्दांवर विश्वासून कोणी झोंपी जाऊं नये. एवढें जरी श्रोत्यांच्या घरोघरीं रुजलें, तरी ज्या मृत्यूंना लोक आज अपघात म्हणतात त्यांतले पुष्कळसे घडणार नाहींत.